उपासाला चालतं

“आईची किडनी शंभूला चालेल,” पुण्याचे डॉक्टर म्हणाले, “पण आईचं वजन चालणार नाही.”

तानुबाईला वाटलं, डॉक्टर चेष्टा करतायत. रक्तगट जुळला होता, साखर नव्हती, रक्तदाब ठीक होता, पन्नाशी उलटलेल्या बाईच्या दोन्ही किडन्या तरण्या पोरीला शोभतील अशा निघाल्या होत्या. आणि घोडं अडलं कुठं, तर पोटाच्या घेरावर. बारा किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बोलू, असं डॉक्टर म्हणाले. एवढ्या वजनाच्या बाईला भूल देऊन पोट उघडायचं म्हणजे एकाला वाचवताना दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायचा, हेही त्यांनी नीट समजावून सांगितलं. तानुबाई मान हलवत राहिली. शंभू मात्र आईकडं बघत नव्हता. आपल्यापायी आईचं अंग चारचौघांत असं मोजलं जातंय, याची त्याला लाज वाटत होती.

घरात दुसरं कुणी नव्हतं असं नाही. शंभूचे वडील ज्योतिबा कधीचे तयार होते, पण त्यांना साखर. बायको सोनम तयार होती, तिचा रक्तगट जुळेना. कुणा परक्या मेलेल्या माणसाची मिळावी म्हणून नाव लावून ठेवलं होतं, पण ती रांग कधी संपेल हे सांगणारं कुणी भेटत नव्हतं. शंभू शिक्रापूरला कंपनीत प्रेस मशीनवर होता, तिथंच खोली घेऊन राहायचा. डोकं दुखलं की मेडिकलमधून गोळी घ्यायची आणि शिफ्टला उभं राहायचं. दुखत होतं ते रक्तदाबामुळं, आणि हे कळलं तोवर दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आता गावाहून, खुटबावहून, आठवड्यातून तीनदा रेल्वेच्या शटलनं दौंडला जायचं, चार तास डायलिसिसच्या मशीनला जोडून घ्यायचं आणि पिळून काढलेल्या फडक्यासारखं घरी यायचं. या सगळ्या फिरतीत तानुबाई बरोबर असायचीच. तिनं मुलाला एकट्याला कधी सोडलं नाही.

डॉक्टरांनी त्यांना आहाराच्या मॅडमकडं पाठवलं. मॅडम म्हणजे सोनमच्याच वयाची पोरगी. तिनं आधी विचारलं, दिवसभरात काय काय खाता. बरोबर आलेली सोनम सासूला आत्या म्हणायची; तिनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, की आत्या आठवड्यातले चार दिवस काही खातच नाहीत, उपास असतो.

“चार दिवस?” मॅडमनं विचारलं. “आणि उपासाला काय घेता?”

तानुबाईनं आढेवेढे घेतले नाहीत. सकाळी चहा आणि राजगिऱ्याचा लाडू. दुपारी साबुदाण्याची खिचडी, भरपूर कूट घालून, त्याशिवाय ती घशाखाली उतरत नाही. जोडीला बटाट्याची भाजी. चारला केळं, नाहीतर रताळं. रात्री भगर आणि शेंगदाण्याची आमटी. आणि मधूनअधून बटाट्याचे वेफर, ते काही खाण्यात धरायचं नाही, नुसतं तोंड चाळवायला. मॅडमनं पेन खाली ठेवलं. खातच नाहीत असं जे चार दिवस सांगितले, त्या दिवशी तानुबाई इतर दिवसांच्या दुप्पट खात होती.

शंभूच्या डोक्यात त्या वेळी दुसरंच चाललं होतं. शेंगदाणे, बटाटा, केळं, रताळं. डायलिसिस सुरू झाल्यावर त्याला जे जे बंद झालं, ते ते सगळं आईच्या उपासाला चालत होतं. तो ज्या आजारानं उपाशी राहत होता, त्याच आजारासाठी उपास करून आई फुगत चालली होती. त्याला हसावं का रडावं कळेना, म्हणून तो भिंतीवरच्या फळांच्या चित्राकडं बघत बसला.

मॅडमनं सांगितलं ते काही अवघड नव्हतं. ज्वारीची भाकरी, पालेभाजी, मटकीची उसळ, पातळ ताक, वेळेवर जेवण, संध्याकाळी गावाबाहेर एक फेरी. उपास बंद. महिन्याला दोनेक किलो उतरेल, जास्त नाही आणि जास्त नकोच. वजन उतरवायच्या गोळ्या, पावडरी, काढे कुणी कितीही सांगितलं तरी घ्यायचे नाहीत, किडनी द्यायची असेल तर मुळीच नाहीत. मॅडमनं हे दोनदा सांगितलं. शंभूनं ऐकलं, सोनमनं ऐकलं. तानुबाई मात्र ‘उपास बंद’ या दोन शब्दांपाशीच थांबली होती. पुढचं तिच्या कानात शिरलंच नाही.

परतीच्या शटलमध्ये शंभूनं विषय काढला. आये, आता उपास सोडावे लागतील, तो म्हणाला. तानुबाई खिडकीबाहेर बघत राहिली. शंभूला पहिल्यांदा मशीनवर घेतलं, त्या दिवशी दौंडच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून तिनं हे उपास धरले होते. रविवार खंडोबाचा आणि घरच्या बिरोबाचा. सोमवार महादेवाचा, कारण पोराचं नाव त्याचंच. शनिवार मारुतीचा. गुरुवार कुणीतरी सांगितला म्हणून. पोरगं बरं होईपर्यंत.

“त्या उपासावर तू उभा हायेस,” ती शेवटी म्हणाली. “त्यो मी सोडला आन् तुला काय झालं, तर कुणाच्या दारात जाऊ मी?”

तिच्याकडं पुरावाही होता. मागं एका लग्नात रविवार विसरून तिनं बुंदी खाल्ली, आणि मंगळवारी मशीनवर शंभूचा रक्तदाब एवढा खाली आला की सगळे धावले. खरं तर त्याच लग्नात उन्हाच्या तलखीत शंभूनं सरबताचे तीन पेले रिचवले होते. ते सगळं पाणी एका बैठकीत ओढून काढावं लागलं म्हणून तो प्रसंग आला, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. शंभूनं आईला ते कबूलही केलं. ती म्हणाली, “व्हय, पर तुला त्या दिवशी प्यायची बुद्धी कुणी दिली?”

मधला मार्ग सोनमनं काढला. उपास ठेवा म्हणाली, फक्त साबुदाणा, शेंगदाणा आणि बटाटा नको. वाटीभर भगर, काकडी, ताक, पपईची फोड, हेही उपासाला चालतंच की. आणि तिनं साबुदाण्याचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. तानुबाई दोन दिवस सुनेशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी शनिवार होता. तिनं मुकाट्यानं भगरीची वाटी पुढं ओढली.

वजन बघायचं ते गावातल्या कांद्याच्या व्यापाऱ्याकडं, गोण्या ठेवायच्या काट्यावर. तानुबाई चपला काढून, काट्याला हात लावून नमस्कार करून वर उभी राहायची. हमाल म्हणायचे, मावशी, कोणत्या भावानं द्यायची? तीही हसून म्हणायची, मी विकाऊ न्हाई, माझा मालक ठरलेला हाय. काटा हळूहळू उतरत होता. पहिल्या महिन्यात थोडा, दुसऱ्यात थोडा जास्त. संध्याकाळी ती आणि शंभू रेल्वे फाटकापर्यंत जाऊन यायचे. त्याला दम लागायचा म्हणून ती हळू चालायची, आणि तिला चालायला पाहिजे म्हणून तो चालायचा. मॅडम फोनवर म्हणाली, फार छान, असंच चालू द्या, अजून तीन-चार महिने. ते दिवस बरे गेले. पुढं शंभूला ते फार आठवायचे.

मग शंभूचा हात बंद पडला. डायलिसिसच्या सुया टोचायला मनगटाजवळ शिरा जोडून वाट केलेली असते, ती एका सकाळी थंड लागली. आतला धडधडाट थांबला होता. मानेत नळी घालावी लागली, तिथं जंतू झाले, ताप भरला. त्याच आठवड्यात डायलिसिसला शेजारच्या पलंगावर असणारे बन्सीआप्पा आले नाहीत. पाटसचा मोठा गोष्टीवेल्हाळ माणूस. त्याची बहीण किडनी देणार होती, कागदपत्रं होत आली होती, आता एवढ्यातच, एवढ्यातच असं तो गेल्या दिवाळीपासून सांगायचा. पुढच्या खेपेला त्या पलंगावर दुसराच माणूस होता. तानुबाईनं नर्सला विचारलं. नर्सनं सांगितलं नाही, नुसती चादर नीट केली. घरी येताना शटलमध्ये तानुबाई एवढंच म्हणाली, “तीन-चार महिनं लई झालं.”

त्यानंतर वजन झरझर उतरायला लागलं. कांद्याच्या काट्यावर हमालांची चेष्टा थांबली, त्यांनाही नवल वाटलं. तानुबाईला भूकच लागत नव्हती. उपासाच्या दिवशी ताकाचा एक पेला, बास. भाकरी चतकोर. सोनम म्हणाली, आत्या, एवढं कमी नका खाऊ. तर ती म्हणायची, मला जातच न्हाई गं, पोट भरल्यागत वाटतं. पहाटेच उठून घासलेली भांडी पुन्हा घासायची. हात थरथरायचे, तोंड कोरडं पडायचं, पाय सुजायचे, कधी नव्हे ती कुणावर तरी खेकसायची. शंभूनं हे सगळं पाहिलं. पण काटा उतरत होता, आणि गळ्यातल्या नळीनं मान वळवता न येणाऱ्या माणसाला उतरणारा काटा फार गोड दिसतो. त्यानं स्वतःला सांगितलं, चालण्यानं होतंय, भाकरीनं होतंय. त्यानं सोनमचं कौतुकसुद्धा केलं.

पुण्याला शेवटच्या तपासण्यांना गेले तेव्हा तानुबाई नवं लुगडं नेसली होती. जुनी चोळी अंगावर ढगळ होत होती, तिला दोन्ही बगलांत सोनमनं टाके घातले होते. दवाखान्याच्या काट्यावर ती नमस्कार करून उभी राहिली. बाराच्या जागी तेरा किलो उतरले होते. नर्स म्हणाली, मावशी, कमाल केलीत. शंभूला कितीतरी दिवसांनी रडू आलं, आणि ते आनंदाचं होतं.

रिपोर्ट दुपारी आले. डॉक्टरांनी ते वाचले, मागं जाऊन जुने काढले, पुन्हा वाचले. मग विचारलं, बाहेरचं काही औषध चालू आहे का.

“न्हाई सायेब,” शंभूनं छाती काढून सांगितलं. “नुसती भाकरी-भाजी. मॅडमनी सांगितलं तेवढंच.”

“एक हाय की,” तानुबाई म्हणाली.

तिनं कमरेची पिशवी सोडली, सुपारीच्या खांडांतून एक पांढरी डबी काढली आणि डॉक्टरांपुढं ठेवली. ती लपवतेय असं तिच्या चेहऱ्यावर कुठंच नव्हतं. उलट सगळं जमून आल्यावर आपलं गुपित सांगणाऱ्या माणसाचा चेहरा होता तो. दौंडच्या दवाखान्यासमोर मच्छिंद्र म्हणून एकाचं वजन उतरवायचं केंद्र होतं. शंभू मशीनवर असताना ती बाहेर बसायची, तिथं त्याच्याशी बोलणं झालं. सगळं वनस्पतीचं हाय मावशी, काय अपाय न्हाई, असं तो म्हणाला होता. आणि तानुबाईनं त्याला फक्त एकच गोष्ट विचारली होती.

“मी इचारलं, उपासाला चालंल का. तर म्हनला, औषधाला कुठं उपास असतो? गोळीनं उपास मोडत न्हाई.” ती शंभूकडं वळली. “तुझंबी झालं आन् देवाचंबी झालं. दोन्ही सांभाळलं बघ मी.”

डॉक्टरांनी डबी उलटसुलट करून पाहिली. त्यावर हिरव्या पानाचं चित्र होतं, आत काय आहे ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांनी ती रिपोर्टांवर ठेवली. मग हळू आवाजात, शंभूकडं न बघता, त्यांनी सांगितलं. लघवीतून प्रथिनं जातायत. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलंय. पायाची सूज त्याचीच आहे. या गोळ्या या क्षणापासून बंद. काही महिन्यांनी पुन्हा तपासू, कदाचित थोडं भरून येईल, कदाचित नाही. पण किडनी देण्याचं आता विसरा.

“पर वजन तर हिशेबात बसलं ना, सायेब?” तानुबाईनं विचारलं.

“वजन बसलं,” डॉक्टर म्हणाले. “आता या दोन किडन्या तुमच्या तुम्हालाच पुरतील का, ते बघायचं आहे.”

शंभूला ओरडावंसं वाटलं. मॅडमनं दोनदा सांगितलं होतं, तू कुठं होतीस तेव्हा? पण कुणावर ओरडणार? ती कुठं होती हे त्याला ठाऊक होतं. शटलमध्ये ती त्याच्या शेजारी बसली, पायावर पदर ओढून सूज झाकून. उरुळी गेलं, यवत गेलं. खुटबाव आलं. उतरताना सवयीनं तिनं त्याच्या दंडाला धरलं, आणि मग तिच्या लक्षात आलं असावं, की आपल्याच पायांत बळ नाही. दोघं एकमेकांना धरून फलाटावर उभे राहिले.

दोन दिवसांनी डायलिसिसला गेल्यावर शंभू आधी मच्छिंद्रच्या केंद्रात शिरला. रात्रभर त्यानं शिव्या जुळवून ठेवल्या होत्या. मच्छिंद्रनं सगळं ऐकलं आणि तो पांढराफटक पडला. “दादा, मी सोता खातो वं ह्या,” तो म्हणाला. त्यानं खिशातून तीच डबी काढली. “बायकोलाबी देतो.” शंभूच्या तोंडून शिवी निघेना. लगोलग रक्त तपासून घे, एवढंच तो म्हणाला, आणि समोरच्या दवाखान्यात जाऊन स्वतःच्या पलंगावर पडला. ज्याच्यावर राग काढावा असा एक माणूस उरला होता, तोही हातचा गेला होता.

घरात आता दोघांचं पथ्य सुरू झालं. मीठ दोघांना बेताचं. सोनम सकाळी पाण्याच्या दोन बाटल्या मोजून भरून ठेवायची, एक शंभूची दिवसभराची आणि एक आत्याची, थोडी मोठी. ज्योतिबा त्या बाटल्यांकडं बघायचे आणि काही काम नसताना रानात निघून जायचे. सोमवार आला, तानुबाईनं देवापुढं दिवा लावला आणि सोनमनं वाढलेली भाकरी मुकाट खाल्ली. गुरुवारी खाल्ली, शनिवारीही. कुणी तिला काही विचारलं नाही. डॉक्टरांनी उपास बंद सांगितले होते, ती ऐकत होती, एवढंच. आधी मॅडमनंही तेच सांगितलं होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी तो विषय काढत नव्हतं.

रविवारी दुपारी सोनमनं ताटं वाढली. मेथीची भाजी, ज्वारीची भाकरी. तानुबाई खाली मान घालून जेवायला बसली. शंभूनं आपलं ताट पुढं सरकवलं.

“मला नको,” तो म्हणाला. “आज रविवार हाय.”

सोनम त्याच्याकडं बघत राहिली. देवावर त्याचा कधी एवढा भरवसा नव्हता. आताही बसला होता असं नाही. पण शेजारी आई बसली होती, तिचे पाय सुजले होते, आणि तिच्यासाठी करता येईल असं त्याच्या हातात या जगात एकही काम उरलं नव्हतं. तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं, दवाखान्याच्या पायरीवर बसून आईनं ते चार दिवस का धरले होते. करण्यासारखं काहीच नसलं की माणूस एवढं तरी करतो.

तानुबाईलाही कळलं. तिनं घास खाली ठेवला. मग आपल्या ताटातली भाकरी मोडली आणि अर्धी त्याच्या ताटात टाकली.

“उपास सोड,” ती म्हणाली. “त्यानं काय व्हत न्हाई.”

इतके महिने शंभूला आईच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. आता ऐकल्यावर त्याला वाटलं, होतं की गं, असं म्हणावं, तुझ्या उपासावरच उभा होतो मी, असं म्हणावं. ते खोटं नव्हतं. पण ती त्याच्या हाताकडं, तो घास घेतो का ते बघत होती. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, भाजीला लावला आणि तोंडात घातला. तो घास गिळेपर्यंत आई त्याच्याकडं बघत राहिली, आणि मग तिनं आपला खाली ठेवलेला घास उचलला.